आकडा वाढू द्या

मध्यरात्र उलटून गेलेली असते. तोंडाला रुमाल बांधलेली सात-आठ पोरे दुचाकींवरून गल्लीत शिरतात. हातात कोयते, पालघन, लाकडी दांडकी. शिवीगाळ, ‘इथला भाई कोण’ अशी आरोळी, आणि रस्त्याकडेला लावलेल्या गाड्यांवर सपासप घाव. पाच-दहा मिनिटांत सगळे आटोपते. खिडक्यांतले दिवे लागतात आणि लगेच मालवले जातात, कारण उजेडात दिसलेला चेहरा लक्षात ठेवला जातो हे गल्लीला ठाऊक असते. सहकारनगर, बिबवेवाडी, येरवडा, पर्वती, वारजे, हडपसर अशा पुण्याच्या कितीतरी वस्त्यांनी गेल्या काही वर्षांत ही रात्र अनुभवली आहे. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत ‘वाहनांची तोडफोड’ एवढाच मथळा येतो. त्या मथळ्याखाली नेमके काय असते, हे सकाळी त्या गल्लीत उभे राहिल्यावर कळते.

एखादी रिक्षा बघावी. समोरची काच फुटलेली, हुडावर कोयत्याचा उभा चिरा, सीटवर काचेचा चुरा. मालक झाडूने तो चुरा गोळा करत असतो, कारण आठ वाजता शाळेच्या मुलांची फेरी असते. ती फेरी आज दुसऱ्याला द्यावी लागणार. काच, हूड आणि पत्र्याचे काम यांत तीन-चार दिवस सहज जातात. त्या दिवसांची कमाई बुडते, बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही. कायद्याने सक्तीचा असलेला थर्ड पार्टी विमा इथे कामाचा नाही. तो दुसऱ्याच्या नुकसानीसाठी असतो. स्वतःच्या गाडीचे नुकसान भरून देणारा सर्वसमावेशक विमा जुन्या रिक्षेला किंवा दहा वर्षे वापरलेल्या दुचाकीला सहसा कुणी काढत नाही. शेजारी मासळीवाल्याचा टेम्पो असतो, त्यापलीकडे घरोघरी डबे पोहोचवणाऱ्या मुलाची मोपेड. बंगल्याच्या आवारातल्या गाड्या शाबूत राहतात. रस्त्यावर उभी राहते ती ज्यांना पार्किंग परवडत नाही त्यांची गाडी. कोयत्याचा घाव नेमका त्यांच्यावर बसतो, आणि म्हणून हा विषय नुसत्या टवाळखोरीचा नाही. ही हातावर पोट असलेल्यांची लूट आहे.

हा रिक्षावाला चौकीत जातो तेव्हा काय होते, हा या लेखाचा खरा विषय. पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘कुणावर संशय आहे का?’ संशय असतो, कधी कधी खात्रीही असते. पण नाव घेतले तर संध्याकाळी त्याच गल्लीत परतायचे असते. तो गप्प राहतो. दुसरी अडचण कायद्यात होती. जुन्या भारतीय दंड संहितेत असे नुकसान कलम ४२७ खाली येई आणि ते कलम अदखलपात्र होते. केवळ तेवढेच लावले, तर न्यायालयाच्या परवानगीशिवाय तपासही करता येत नसे. मनावर घेणारा अधिकारी मग सोबत शस्त्र कायदा, महाराष्ट्र पोलिस अधिनियमातील शस्त्रबंदीचे कलम, क्रिमिनल लॉ अमेंडमेंट कायद्याचे कलम सात अशी जोड देऊन गुन्हा दखलपात्र करी. मनावर न घेणारा एनसीचा, म्हणजे अदखलपात्र नोंदीचा, कागद हातात देऊन बोळवण करी. नव्या संहितांमुळे कलमांचे क्रमांक १ जुलै २०२४ पासून बदलले आहेत. कोण मनावर घेतो आणि कोण घेत नाही, हा प्रश्न मात्र तसाच आहे.

आता याच शहराची कागदावरची प्रतिमा पाहा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा २०२२ सालचा अहवाल डिसेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. वीस लाखांहून अधिक वस्तीच्या महानगरांत कोलकाता सर्वांत सुरक्षित ठरले. तिथे लाख लोकसंख्येमागे ८६.५ दखलपात्र गुन्हे नोंदले गेले होते. दुसऱ्या क्रमांकावर २८०.७ असा दर असलेले पुणे होते आणि तिसऱ्यावर २९९.२ असा दर असलेले हैदराबाद. आदल्या वर्षीही पुणे दुसरेच होते. बातम्या झाल्या, अभिनंदने झाली. पण २०२२ साल सरता सरता पुण्यात ‘कोयता गँग’ हा शब्द घराघरांत पोहोचला होता. कोयता विकताना गिऱ्हाइकाचे आधार कार्ड घ्या, असे विक्रेत्यांना सांगण्याची वेळ २०२३ च्या सुरुवातीला पोलिसांवर आली होती.

या दोन चित्रांतले एक खोटे आणि दुसरे खरे असे म्हणता येणार नाही. देशातील अनेक महानगरांच्या तुलनेत पुणे आजही राहण्याजोगे शहर आहे. रात्री कामावरून परतणाऱ्या हजारो मुली इथे बऱ्याच अंशी निर्धास्त फिरतात, याचे मोल आहे. परंतु त्या अहवालातला आकडा घडलेल्या गुन्ह्यांचा नसतो. तो पोलिसांनी नोंदवलेल्या गुन्ह्यांचा असतो, आणि हे खुद्द नोंद विभागच दरवर्षी वाचकाला बजावतो. गुन्हे वाढणे आणि गुन्ह्यांची नोंद वाढणे या वेगळ्या गोष्टी आहेत, असे त्याच्या अहवालातच स्पष्ट म्हटलेले असते. एका फिर्यादीत चार कलमे असली तर मोजणीत फक्त सर्वांत गंभीर कलम धरले जाते. अदखलपात्र तक्रारी शहरांच्या त्या क्रमवारीत येतच नाहीत. लाखामागचा दर काढायला लोकसंख्या घेतली जाते ती २०११ च्या जनगणनेची, कारण त्यानंतरची जनगणना झालेली नाही. अशा आकड्यावरून शहरांची क्रमवारी लावणे धाडसाचे आहे. एखादी वसाहत सुरक्षित आहे की नाही, हे तर त्यावरून कळूच शकत नाही. केरळचा दर दरवर्षी देशात वरच्या रांगेत असतो. तेथील माणसे अधिक गुन्हेगार आहेत असे कोणताही जाणकार म्हणत नाही. तिथे माणूस ठाण्यात जातो आणि त्याची फिर्याद लिहून घेतली जाते.

महाराष्ट्रात ती का लिहून घेतली जात नाही, याचे उत्तर एकट्या ठाणे अंमलदाराच्या आळसात शोधणे अन्यायाचे होईल. दर महिन्याला वरिष्ठांपुढे गुन्ह्यांचा आढावा होतो. ज्या ठाण्याचा आकडा मागच्या वर्षीपेक्षा चढलेला दिसतो, त्या ठाण्याच्या वरिष्ठ निरीक्षकाला जाब द्यावा लागतो. अधिवेशनात विरोधक तोच आकडा फडकवतात, आणि गृहखाते घसरलेला आकडा आपले यश म्हणून मांडते. ही साखळी वरपासून खालपर्यंत एकच शिकवण देते, की गुन्हा कमी करण्यापेक्षा नोंद कमी करणे सोपे असते. मग हिसकावून नेलेला मोबाइल ‘गहाळ’ होतो. नवे सिमकार्ड घ्यायला दाखला हवाच असतो, तेव्हा तक्रारदारही मान डोलावतो. गळ्यातले मंगळसूत्र तोडून नेले तर गुन्हा नोंदवला जातो, कारण सोन्याची किंमत मोठी आणि बाई सहजासहजी हटत नाही. पण नुसती ओढाओढ झाली आणि चोर रिकाम्या हाताने पळाला, तर ‘गेलं तर काही नाही ना’ म्हणून तिची समजूत घातली जाते. सायकल चोरी, बंद फ्लॅटच्या कडीकोयंड्याशी झालेली खटपट, जिन्यात उभा राहून मुलींना अडवणारा इसम यांतले फारच थोडे कागदावर उतरते. आणि पुढचा मोठा गुन्हा ज्या रस्त्याने येतो, तो रस्ता याच लहान घटनांनी आखलेला असतो. त्या लिहिल्याच नाहीत, तर गस्त कुठल्या गल्लीत किती वाजता वाढवायची, हे चौकीला कळणार कसे?

गुन्हा दखलपात्र असेल तर प्रथम माहिती अहवाल नोंदवणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ललिता कुमारी प्रकरणात १२ नोव्हेंबर २०१३ रोजी सांगितले. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने कुठल्याही ठाण्यात फिर्याद देण्याची मुभा दिली. ऑनलाइन तक्रार देऊन तीन दिवसांत सही करण्याची सोय दिली. तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांच्या आत फिर्यादीला कळवण्याचे बंधन घातले. त्याच संहितेने तीन ते सात वर्षे शिक्षेच्या गुन्ह्यांत आधी चौदा दिवस प्राथमिक चौकशी करण्याची वाटही ठेवली आहे. त्यासाठी वरिष्ठांची परवानगी लागते हे खरे. तरी टाळाटाळ करणाऱ्याच्या हाती ही पळवाट लागणार नाही, याची काळजी आयुक्तांनी घ्यायला हवी.

नोंद टाळण्याचा रोग आपल्याकडचाच आहे असे नाही. इंग्लंड आणि वेल्समधील पोलिसांच्या नोंदी विश्वासार्ह नाहीत म्हणून तेथील सांख्यिकी प्राधिकरणाने २०१४ मध्ये त्या आकड्यांचा ‘राष्ट्रीय सांख्यिकी’ हा दर्जा काढून घेतला. त्याच वर्षी पोलिसांच्या सरकारी निरीक्षकांनी तपासणी केली, तेव्हा लोकांनी कळवलेल्या गुन्ह्यांपैकी जवळपास पाचातला एक नोंदलाच जात नसल्याचे निघाले. फरक इतकाच, की त्या देशात १९८२ पासून घरोघरी जाऊन ‘गेल्या वर्षभरात तुमच्याबाबतीत काय घडले’ असे विचारणारे पाहणीचे काम स्वतंत्रपणे चालते, त्यामुळे पोलिसांचा आकडा ताडून पाहता येतो. आपल्याकडे आयडीएफसी इन्स्टिट्यूटने २०१७ मध्ये दिल्ली, मुंबई, चेन्नई आणि बेंगळुरू येथे अशी पाहणी केली होती आणि गुन्ह्याला बळी पडलेल्यांपैकी फार थोडे लोक एफआयआरपर्यंत पोहोचतात, असे तिच्यातून दिसले. सरकारने स्वतः दरवर्षी करावी अशी ही पाहणी आहे. राजस्थानने २०१९ मध्ये वेगळा मार्ग धरला. ठाण्याने नकार दिला तर पोलिस अधीक्षकांच्या कार्यालयात गुन्हा नोंदवता येईल, असा आदेश काढला. त्या वर्षी राज्याचा आकडा झपाट्याने चढला आणि टीकाही झाली. पण फिर्याद नोंदवून घ्या म्हणून न्यायालयाची पायरी चढावी लागणाऱ्यांचे प्रमाण घटले. गुन्ह्यांचा आकडा वाढल्याचा आळ अंगावर घेण्याची तयारी महाराष्ट्राच्या गृहखात्याने एकदा तरी दाखवावी, अशी आमची मागणी आहे.

पुण्याच्या बाबतीत हा विषय अधिक तातडीचा होण्याचे कारण शहराच्या वाढीत आहे. २०१७ मध्ये अकरा आणि २०२१ मध्ये तेवीस गावे महापालिकेत आली, आणि क्षेत्रफळाने पुणे महापालिका मुंबईपेक्षाही मोठी झाली. बावीस मजली इमारती उभ्या राहिल्या. त्यांना जोडणारे रस्ते अरुंद राहिले, अर्धे अंधारात. सोसायटीच्या फाटकाच्या आत दिवे, कॅमेरे, वॉचमन, अभ्यागतांची वही, आणि फाटकाबाहेर पन्नास पावलांवर मिट्ट काळोख. त्या पन्नास पावलांची जबाबदारी कुणाची? खांबावरचा दिवा महापालिकेचा. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि त्यानंतर दीर्घकाळ प्रशासकाचा कारभार राहिला. दिवा बंद आहे हे सांगायला हक्काचा नगरसेवकच उरला नव्हता. पोलिसांच्या बाजूने हद्दीची ओढाताण होती. आंबेगाव, नांदेड सिटी, बाणेर, खराडी, वाघोली, फुरसुंगी आणि काळेपडळ या सात ठाण्यांना २०२४ मध्ये मंजुरी मिळाली आणि शहरातील ठाण्यांची संख्या बत्तीसवरून एकोणचाळीसवर गेली. उशिरा का होईना, योग्य पाऊल पडले. मात्र नव्या ठाण्यांत जुन्याच ठाण्यांतली माणसे वाटून दिली, तर दोन्हीकडची गस्त विरळ होते. बंदोबस्त, सभा, मिरवणुका आणि महत्त्वाच्या व्यक्तींचे दौरे यांतून उरलेल्या वेळात बीट सांभाळणाऱ्या अंमलदाराला आपल्या हद्दीतली माणसे चेहऱ्याने ओळखीची होतीलच कशी? तपास आणि कायदा-सुव्यवस्था यांची माणसे वेगळी करा, असे सर्वोच्च न्यायालयाने प्रकाशसिंह प्रकरणात २००६ मध्येच सांगितले होते. ते मनापासून अमलात आणलेले नाही.

चौकी असणे आणि चौकीत माणूस असणे यांतला फरक पुण्याने २७ जून २०२३ रोजी पाहिला. सदाशिव पेठेत, भरवस्तीत, सकाळी एक तरुण कोयता घेऊन एका मुलीच्या मागे धावत होता. तिला वाचवले ते स्पर्धा परीक्षांची तयारी करायला गावाकडून आलेल्या मुलांनी. पेरूगेट पोलिस चौकी तिथून जवळच होती. त्या वेळी चौकीत हजर नसल्याबद्दल नंतर कर्मचाऱ्यांना निलंबित करावे लागले. २५ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे स्वारगेट आगारात उभ्या असलेल्या शिवशाही बसमध्ये तरुणीवर बलात्कार झाला, तेही पोलिस ठाण्यापासून हाकेच्या अंतरावर. ५ जानेवारी २०२४ रोजी कोथरूडच्या सुतारदऱ्यात भरदुपारी एका टोळीप्रमुखाला गोळ्या घालून मारण्यात आले. या तिन्ही जागा ओसाड माळरानावरच्या नाहीत. माणसे दूध आणायला, क्लासला, एसटी पकडायला जातात त्या जागा आहेत.

तोडफोडीनंतर आरोपी सापडले की त्यांना त्याच गल्लीतून फिरवण्याची पद्धत अलीकडे रूढ झाली आहे. लोक टाळ्या वाजवतात. ज्यांची गाडी फुटली त्यांना क्षणभर बरे वाटते, आणि त्यांच्या भावनेचा आम्हाला आदर आहे. तरीही ही धिंड थांबली पाहिजे. कायद्यात अशी शिक्षा नाही, हे पहिले कारण. दुसरे कारण त्या पोरांच्या जगात आहे. ज्याला गल्लीत ‘भाई’ व्हायचे आहे, त्याच्यासाठी पोलिसांच्या गराड्यात लंगडत चालतानाचा व्हिडिओ हीच कमाई असते. चित्रफितीला गाण्याची जोड देऊन आठवडाभरात ती मोबाइलवरून फिरू लागते. त्यापेक्षा तीन महिन्यांत आरोपपत्र, वर्षभरात निकाल, आणि शिक्षेसोबत फुटलेल्या काचेची भरपाई वसूल, हे एका जरी खटल्यात घडले तर वचक बसेल.

या टोळक्यांत सोळा-सतरा वर्षांची मुले असतात, हे आता सर्वांना ठाऊक आहे. आठवी-नववीत शाळा सुटलेली, घरात दिवसभर कुणी नाही, कोपऱ्यावरच्या मोठ्या भावांनी हातात दिलेले हत्यार आणि ‘तुला काय होत नाय, तू लहान आहेस’ ही हमी. मुलांना कडक शिक्षा करा अशी मागणी लगेच होते. हमी देणाऱ्याचे काय, हे कुणी विचारत नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ८३ मध्ये मुलांना बेकायदा कामाला लावणाऱ्या प्रौढाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांचा दंड सांगितला आहे. अल्पवयीन मुलगा सापडला की त्याच्यामागचा प्रौढ कोण, हे शोधून हे कलम लावायलाच हवे. मोक्का आणि तडीपारीच्या घोषणा होतात तेव्हा टोळीचा म्होरक्या महिन्याभराने दुसऱ्या उपनगरात भाड्याने खोली घेऊन राहतो, आणि त्या उपनगराच्या चौकीला त्याचा पत्ताही नसतो.

वस्ती आणि पोलिस एकत्र बसले तर काय होते, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी होरपळलेल्या भिवंडीत १९८८ नंतर पोलिस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. पुढारी टाळून यंत्रमाग कामगार, दुकानदार, शिक्षक यांना बीटच्या पोलिसासोबत दर आठवड्या-पंधरवड्याला बसवले. भांडणे लहान असतानाच कळू लागली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. आज अनेक ठाण्यांत शांतता समिती आहे, पण ती गणेशोत्सव-ईदपूर्वी चहापानाला जमते. सोसायट्यांचे व्हॉट्सअॅप गट अफवांनी भरलेले असतात, कारण खरी माहिती कुठूनच येत नाही. ‘काल रात्री मागच्या गल्लीत चोर शिरले’ हा संदेश खरा की खोटा, हे विचारावे कुणाला?

ते विचारायची जागा चौकीच असायला हवी, आणि त्यासाठी वेगळा कायदा लागत नाही. अपवादात्मक संवेदनशील प्रकरणे वगळता प्रत्येक एफआयआर चोवीस तासांत संकेतस्थळावर टाका, हा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश ७ सप्टेंबर २०१६ चा आहे. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर त्या दिसतातही. फक्त एकेक कागद उघडून सामान्य माणसाला काही उमगत नाही. त्याच माहितीचा चौकीनिहाय मासिक तक्ता करावा. घरफोड्या किती, हिसकावणी किती, वाहनांची तोडफोड किती, किती वाजता, कोणत्या रस्त्यावर, तपास लागला की नाही. ‘गहाळ’ नोंदी आणि एनसी यांचीही बेरीज त्यात हवी, म्हणजे काय कुठे ढकलले जाते ते उघड होईल. पीडितांची नावे आणि पत्ते अर्थात नकोत. तक्ता चौकीच्या दाराशी फळ्यावर लावावा आणि महिन्यातून एकदा संध्याकाळी वरिष्ठ निरीक्षकांनी, महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाचा विद्युत अभियंता शेजारी बसवून, रहिवाशांपुढे तो वाचून दाखवावा. पहिले सहा महिने आकडे चढतील. त्या चढत्या आकड्यांवरून एकाही निरीक्षकाची बदली होणार नाही, असे लेखी परिपत्रक पुण्याच्या पोलिस आयुक्तांनी काढावे आणि गृहमंत्र्यांनी अधिवेशनात त्याची पाठराखण करावी. शहरात एवढी ठाणी आहेत. सुरुवातीला त्यांतली पाच निवडली तरी चालतील.